उपासाचा कप्पा

तो बिस्किटांचा पुडा आधी पिशवीत ठेवा, राग मानू नका, तुम्ही प्रेमानं आणला हे मला कळतं, पण पोर आतल्या खोलीत आहे आणि तिनं बघितला तर ती मागणार नाही, नुसती बघत राहील, आणि ते मला सहन होत नाही. हं, आता बसा. मी मूळचा पहूरजवळच्या खेड्यातला. घरी कापूस असायचा, थोडी केळी असायची, आणि ताटात बारा महिने ज्वारीची भाकरी, नाहीतर कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. गहू हा सणाचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोळ्याला आणि जावई आला तर. आम्ही भावंडं जावयाची वाट बघायचो ती त्याच्यासाठी नाही, पोळीसाठी. हे सगळं आत्ता सांगतो कारण माझी नात जर माझ्या आईच्या चुलीपाशी जन्मली असती तर सणासुदीला आजारी पडली असती आणि एरवी धडधाकट राहिली असती, लोकांनी ते दुखणं कुठल्या तरी देवीवर ढकललं असतं आणि मोकळे झाले असते. आता गहू कुठे नाही ते सांगा मला.

शिकलो जळगावला, नोकरीही जळगावलाच केली, एका शाळेच्या ग्रंथालयात. मुलांनी फाडलेली पुस्तकं चिकटवायची, नंबर घालायचे, दुपारच्या शांततेत स्वतः वाचायचं, असं आयुष्य गेलं आणि मला त्याची काही तक्रार नाही. बायको धुळ्याची, शालिनी. ती उपासवाली. सोमवार, चतुर्थी, एकादशी, वर श्रावण आणि नवरात्र. मी म्हणायचो, तुझ्या आठवड्यात जेवायचे वार कोणते उरले ते एकदा सांगून ठेव, म्हणजे त्या दिवशी मी बाहेर जाणार नाही. ती म्हणायची, तुम्ही वाचा पुस्तकं, मी करते उपास, दोन्हींनी कुणाचं काही वाईट होत नाही. मेहरूण भागातल्या या घराच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर डाव्या हाताला तिचा एक कप्पा होता, उपासाचा कप्पा. त्यात राजगिरा, भगर, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा, सैंधव मीठ, आणि वेगळा तवा, वेगळी कढई, वेगळं पोळपाट-लाटणं, सगळं. त्या तव्यावर कधी पोळी पडली नाही. एकदा मी चुकून त्यावर पाव भाजायला घेतला तर तिनं तो असा काढून घेतला माझ्या हातातून, जसं काही मी देव्हाऱ्यात चप्पल घातली.

मग जुई झाली. मुलाची मुलगी. मुलगा इथल्या औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात, सून वर्षा नशिराबादला शाळेवर शिक्षिका, म्हणजे सकाळी दोघंही बाहेर आणि पोर आमच्याकडे. पहिलं वर्ष छान गेलं. नंतर पोळी-दूध सुरू झालं, शिरा सुरू झाला, आणि पोर वाळायला लागली. हातपाय काड्या, पोट मात्र फुगलेलं, सारखे जुलाब, सारखी किरकिर, केसांना हात लावला तर हातात यायचे. काय सांगू तुम्हाला, जो भेटेल तो डॉक्टर. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं दात येतायत, कुणी म्हणालं नजर, मीठ-मोहऱ्या ओवाळा, कुणी म्हणालं आई नोकरी करते ना, मग असंच होणार. हे शेवटचं कुणीतरी वर्षाच्या तोंडावर म्हणालं, तर शालिनी म्हणाली, बाहेर जायचा रस्ता तिकडून आहे. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, आणि अशक्त आहे म्हणून आम्ही तिला काय द्यायचो, तर गव्हाचं सत्त्व. रोज. वाटीभर. तूप घालून.

शेवटी एका मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून पोटातला तुकडा तपासायला पाठवला, आणि सांगितलं, हिला सेलियाक आहे. आम्ही दोनदा विचारलं तेव्हा कागदावर लिहून दिलं. गहू आणि जव यांच्यात एक चिकट घटक असतो, त्यानं हिच्या आतड्याचं अस्तर झिजतं, औषध नाही, गहू बंद हेच औषध, आणि कायमचं. थोडासुद्धा नाही. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, काही नाही. गव्हाच्या पोळीचा तवासुद्धा नाही, लाटणं नाही, पिठाचा हात नाही. वर्षा रिक्षात रडत होती. घरी आलो. आणि शालिनीनं स्टूल घेतलं, वर चढली, आपल्या कप्प्यातली देवाची उदबत्ती काढून बाजूला ठेवली, जुईची छोटी ताटली तिथं ठेवली आणि म्हणाली, ही आजपासून माझ्या कप्प्यातली. बस. एवढंच बोलली. डॉक्टरांनी जी वेगळी भांडी आणायला सांगितली होती ती आमच्या घरात आधीपासून होती, आणि मी त्यांची थट्टा करत आलो होतो, तर मला हसू आलं, ती पण हसली.

घरातलं असं सोपं झालं. अवघड काय, तर लोक. माझं सगळं वैतागणं लोकांवर आहे, आजारावर नाही. आजार सरळ आहे, गहू दिला नाही तर तो पोरीला हात लावत नाही. तिचं पोट महिन्या-दोन महिन्यांत उतरलं, गालांवर रंग आला, ती जिन्यावरून उड्या मारायला लागली. पण लोक. जराशानं काय होतं. हे एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी तोंड उघडायच्या आधी मला ते ऐकू येतं. सत्यनारायणाचा शिरा, हातात चमचाभर, अहो प्रसाद आहे, प्रसादानं कुणाला काही होतं का, जराशानं काय होतं. मी म्हणतो, प्रसाद रव्याचा आहे. ते म्हणतात, पण तुपातला आहे. कुणी म्हणतं, पोळी नको ना, मग पुरी देतो. कुणी म्हणतं, आमचा गहू घरच्या शेतातला आहे, त्याला औषध मारलेलं नाही. एका शिकलेल्या गृहस्थांनी मला समजावलं की रोज कणभर देत जा, शरीराला सवय होते. हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ घातलेलं असतं हे मला डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचून कळलं, तेव्हापासून किराणा दुकानदार मला लांबून बघितलं की म्हणतो, आले नाना, आता माझं दुकान वाचून काढणार.

आणि चक्की. जुईची ज्वारी चक्कीवर द्यायची सोय नाही, कारण आधी गहू दळलेला असतो आणि त्याचं पीठ जात्यात राहतंच. म्हणून घरघंटी घेतली. ती घरघंटी आली तशी शेजारच्या शोभाताई आल्या, हातात डबा, नाना, तेवढे माझे गहू टाकून द्या ना, लाइट गेली होती सकाळी, चक्की बंद आहे. मी सांगितलं, गहू नाही चालत यात. त्या म्हणाल्या, दळून झालं की मी पुसून देईन ना फडक्यानं. मी म्हटलं, पुसून जात नाही. त्या म्हणाल्या, एवढं काय सोवळं बाई. माणूस वाईट नाही हो, अडल्या-नडल्याला धावून येणारी बाई, पण त्या दिवसापासून पंधरा दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

तर याच शोभाताईंच्या नातवाचा वाढदिवस. जुई तेव्हा चार वर्षांची. केक कापला, शोभाताई एक तुकडा घेऊन थेट जुईच्या तोंडाशी, आणि मी पलीकडून धावतोय, शोभाताई, अहो सेलियाक, आणि त्या म्हणतायत, असू द्या हो, जराशानं काय होतं. शालिनी तिथंच होती. ती दमली होती बहुतेक सांगून सांगून. ती सहज म्हणाली, शोभाताई, तिचा उपास आहे.

तुम्हाला खोटं वाटेल. शोभाताईंचा हात जागच्या जागी थांबला. अगं बाई, आधी नाही का सांगायचं, म्हणाल्या, आत गेल्या, साबण लावून हात धुतला, वेगळी वाटी काढली, ती धुतली, पुसली आणि तिच्यात केळं आणि भाजलेले शेंगदाणे आणून दिले, आणि बाकीच्या पोरांना दटावलं की हिच्या वाटीला खरकटा हात लावायचा नाही, तिचा उपास आहे. जे डॉक्टरांच्या कागदानं झालं नाही, माझ्या व्याख्यानानं झालं नाही, ते एका शब्दानं झालं.

मग काय, शालिनीला किल्लीच सापडली. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, पोरीचा उपास आहे. भगर खाते, राजगिरा खाते, बटाटा खाते, आणि लोक तवासुद्धा वेगळा घेतात. मला ते पटत नव्हतं. मी म्हणायचो, लोकांना खरं सांगायला पाहिजे, आजार आहे तर आजार सांगायचा, पोरीला लहानपणापासून खोटं कशाला शिकवायचं. ती म्हणायची, खरं सांगून बघितलं की तुम्ही, किती जणांनी हात धुतला? मग मी अजून वैतागायचो. एकदा जुईनंच विचारलं, आजोबा, मी कोणत्या देवाचा उपास करते? मी म्हटलं, पोटोबाचा. शालिनी म्हणाली, काहीतरी सांगू नका तिला. मी म्हटलं, काहीतरी कोण सांगतंय?

आणि मग धुळ्याचं लग्न. शालिनीची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिच्या मुलाचं लग्न. अक्का म्हणजे विधवा बाई, एकटीनं घर उभं केलेलं, बोलणं सगळं अहिराणीत, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत, आणि माया अशी की समोरच्याला जेवू घातल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही. लग्न सोमवारी होतं. दुपारी पंगतीत वरण-बट्टी. ही बट्टी म्हणजे गव्हाचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि शालिनीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं की पोरीचा उपास आहे. वार सोमवार, त्यामुळे कुणी शंका काढली नाही, उलट बायका कौतुक करायला लागल्या, बघा बाई एवढीशी पोर सोमवार धरते. आम्ही निर्धास्त. संध्याकाळी मी मांडवात खुर्चीवर बसलो होतो, शालिनी नवरीच्या खोलीत होती, आणि अक्का जुईला कडेवर घेऊन आली, हसत हसत, आणि मला म्हणाली, भाऊ, काळजी करू नका, दिवस मावळना, तिना उपास मी सोडी दिना.

सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो. हे मला कसं माहीत असणार, मी आयुष्यात एक केला नाही. आणि शालिनी, जी हजार सोमवार करून बसलेली, तिला ते सुचलं नाही, कारण जुईचा उपास हा सोमवार आहे असं तिच्या डोक्यातच नव्हतं. अक्कानं काय केलं, तर दिवसभर उपाशी राहिलेल्या पोरीला मांडीवर घेतलं, खापरावरचा गरम मांडा, म्हणजे रुमालाएवढी पुरणपोळी समजा, दुधात कुस्करला आणि स्वतःच्या हातानं भरवला. वाटी पुसून. जुईनं नाही म्हटलं का? म्हटलं. मी खात नाही म्हणाली. अक्का म्हणाली, आते खावानं, उपास सुटना. पोरीला वाटलं, सुटला असेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हा सुटत नसतो.

पुढचे दिवस मी सांगत नाही. उलट्या, जुलाब, पोटाला हात लावू देईना. आठवड्यानं उठून बसली तेव्हा पुन्हा तोच काड्यांसारखा हात. मी अक्काला फोनवर नको ते बोललो. ती म्हणाली, भाऊ, मी तं पुण्य करं. मी म्हटलं, पुण्याच्या आधी विचारायचं असतं. तिनं फोन ठेवला. शालिनी मध्ये पडली नाही, तिनं जुईला जवळ घेतलं आणि सांगितलं, हे बघ, तुझा उपास वेगळा आहे, तो कुणीच सोडायचा नाही, मीसुद्धा नाही, आणि कुणी सोडायला आलं तर ओरडायचं. तेव्हापासून दोन्ही बहिणींत बोलणं कमी झालं. अक्का यायची नाही. फोनवर आवाज बारीक काढायची, आणि अक्काचा बारीक आवाज हा ऐकवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर शालिनी गेली. सकाळी शेंगदाणे भाजत होती, खाली बसली, आणि झालं. मी त्यावर जास्त बोलत नाही. गॅस मी बंद केला आणि ती कढई उचलून कप्प्यात ठेवली, कारण ती कप्प्यातली होती, एवढं मला आठवतं. दिवस झाले, लोक आले, गेले, आणि तेराव्याच्या लाडवांतून जुईला सांभाळत मी एका कोपऱ्यात उभा, कारण दुःखाच्या घरातसुद्धा कुणी ना कुणी तिच्या हातात लाडू देतंच. मग मी ठरवलं की मला दोन स्वयंपाकघरं सांभाळता येणार नाहीत. घरातला गहू बंद केला. सगळ्यांनाच. मुलगा पोळी कारखान्याच्या कँटीनमध्ये खातो, वर्षानं कधी नावाला तक्रार केली नाही, आणि मी भाकरी शिकलो. माझी भाकरी गोल होत नाही. जुई म्हणते, आजोबा, आज कोणता देश केला?

आणि आता आखाजी आली, शालिनीची पहिली. आपल्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर ठेवतात, म्हणजे खरबूज, आंबे ठेवतात, सांजोऱ्या, म्हणजे आत गोड सांजा भरलेल्या पुऱ्या, ठेवतात, आणि पितर म्हणून कुणाला तरी जेवायला बसवतात. शालिनी सवाष्ण गेली म्हणून सवाष्णच बसवायची, आणि शोभाताई बसते म्हणाल्या. माझा यावर विश्वास नाही, पण शालिनीचा होता, म्हणून करायचं. आणि पितराच्या ताटातला घास लाडक्या नातवंडाला देतात, हे वर्षानं जुईला सांगून ठेवलेलं. जुई आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, मला आजीच्या ताटातला घास मिळणार आहे.

आदल्या दिवशी धुळ्याहून अक्का आली. न सांगता. डोक्याएवढं गाठोडं, त्यात मांडे करायचं मातीचं खापर, रवा आणि गव्हाचं पीठ. दारातच मी म्हटलं, अक्का, हे आत नाही आणायचं. ती दारातच बसली. म्हणाली, मनी बहीण दारमाईन भुकी जाई का, उपाशी? तिले मांडा आवडे, पहिली आखाजी शे तिनी, लोके काय म्हनतीन? मी म्हटलं, पीठ उडतं, ओट्यावर बसतं, पोर आजारी पडते, तुम्हाला माहीत नाही का? माहीत शे, म्हणाली, आणि रडायला लागली. आणि बघा माझी दशा, मेलेलं माणूस जेवायला येत नाही असं जन्मभर म्हणणारा मी, दारात उभा राहून भांडत होतो की शालिनीला भगरपण आवडायची, तिला साबुदाण्याची खीर आवडायची, मांडे तर तिच्याच्यानं पचतसुद्धा नव्हते. अक्का म्हणत होती, पचे, तुमना घर येवानं आगोदर बठ्ठं पचे, म्हणजे तुमच्या घरी यायच्या आधी सगळं पचायचं. शोभाताई आवाज ऐकून बाहेर आल्या. वर्षा म्हणाली, नाना, असं करू, अक्का शोभाताईंच्या घरी मांडे करतील, आजींचं ताट तसं वाढू, आणि जुईचं ताट इकडे वेगळं. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटत आलं होतं.

जुई दारामागे उभी होती. ती म्हणाली, मग मला आजीचा घास नाही?

मग ती पुढे आली, अक्काच्या गाठोड्यावर हात ठेवला आणि तिला तिच्याच बोलीत म्हणाली, अक्का, आजीना बी उपास शे.

अक्कानं पदरानं नाक पुसलं, गाठोडं तसंच बांधून शोभाताईंकडे ठेवायला दिलं, नळावर गेली, कोपरापर्यंत हात धुतले, साडी झटकली, पुन्हा हात धुतले आणि मला म्हणाली, कप्पा कुठे शे तिना?

दुसऱ्या दिवशी ताट झालं ते सगळं त्या कप्प्यातलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खीर, आमरस, आणि राजगिऱ्याच्या पिठाच्या सांजोऱ्या, आत गूळ-खोबरं. त्या तुपात फुटल्या, अक्कानं राजगिऱ्याला शिव्या घातल्या, तुटक्याच घागरीवर ठेवल्या. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप-घास टाकला. शोभाताई हळदी-कुंकू लावून पाटावर बसल्या, ताटाकडे बघून म्हणाल्या, अगं बाई, आखाजीला भगर? अक्का तिथूनच ओरडली, उपास शे तिना, जेवा मुकाट्यानं. शोभाताई जेवल्या. मग खिरीचा घास घेतला आणि जुईपुढे धरला, आणि माझ्याकडे बघितलं, सवयीनं. मी थांबा म्हणालो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीला कुणी हातानं भरवलं आणि मी थांबा म्हणालो नाही. तिनं मोठा आ केला.

संध्याकाळी शोभाताईंनी विचारलंच, मग अक्का, उपास सोडायचा कधी? अक्का त्यांच्या दारात बसून खापर पुन्हा फडक्यात बांधत होती. तिनं वर बघितलं नाही. तो उपास सुटत नही, म्हणाली.

आता जूनमध्ये जुई पहिलीत जाईल. नवी शाळा, नव्या बाई, नवे वाढदिवस. मी बाईंना भेटून आलो, सगळं समजावून सांगितलं, आजार सांगितला, कारण माझं अजून तेच मत आहे. बाई छान ऐकत होत्या, मान डोलावत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, पण सर, एखादं बिस्किट वगैरे? मी डोळे मिटले. तर जुईच म्हणाली, बाई, माझा उपास आहे, आणि तो सुटत नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तर आता तुम्हीच सांगा, कुणाचं बरोबर? असो. पोर निरोगी राहो, लोकांना अक्कल येवो, आणि तोवर उपास टिको. आता चहा घ्या. बरोबर खायला काही नाही, केळी आहेत, केळं घ्या. आणि तो पुडा आठवणीनं परत न्या.